गर्भवतीचें ताट : एका शोधाची हकीकत

गर्भवती स्त्रीच्या ताटांत काय पडावें, हा प्रश्न महाराष्ट्रांतील घरांना नवा नाहीं. डोहाळे पुरविण्याची चाल घरोघर आहे, आणि खुद्द हा शब्द संस्कृतांतील ‘दोहद’ या शब्दापासून आलेला आहे. जुन्या वैद्यांनीं त्याच्या मुळाशीं दोन हृदयांची कल्पना पाहिली : एक मातेचें आणि एक गर्भाचें. गर्भाची इच्छा मातेच्या मुखानें बोलते. ती अपुरी राहिली तर अपत्यांत व्यंग उत्पन्न होतें, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत म्हटलें आहे. चरकसंहितेंत तर गर्भिणीनें महिन्यामहिन्याला कोणता आहार घ्यावा याचा क्रम आहे आणि गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादीहि आहे. या ग्रंथांतील कार्यकारणाची जोड आज जशीच्या तशी मान्य होणार नाहीं. अपुऱ्या राहिलेल्या डोहाळ्यामुळें कोणाचें मूल कुबडें होत नाहीं. परंतु मातेच्या पोटांत असतांनाच अपत्याच्या पुढील आयुष्याचें बरेंवाईट ठरूं शकतें, एवढी गोष्ट त्या ग्रंथकारांनीं नक्की ओळखली होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील युरोपीय वैद्यक या बाबतींत बरेंच निश्चिंत होतें. माता उपाशी असो वा आजारी असो, गर्भ आपल्याला लागेल तें तिच्या रक्तामांसांतून ओढून घेतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. गर्भाभोंवतालची वार ही जणूं किल्ल्याची तटबंदी आहे आणि बाहेरचें विष किंवा रोग तींतून सहसा आंत शिरत नाहीं, असेंहि मानलें जाई. ही निश्चिंती ढासळली कशी, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो अनेक देशांत घडला. पण त्याचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईंत, परळच्या गिरण्यांच्या सावलींत लिहिला गेला.

इ. स. १९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारों स्त्रिया राबत होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत प्रायः त्यांचाच भरणा असे. गर्भार असतांहि अगदीं शेवटच्या दिवसापर्यंत काम करावें आणि बाळंतपणानंतर लौकरांत लौकर पुनः खात्यांत उभें राहावें, असा त्यांचा क्रम होता. रजेच्या दिवसांची मजुरी मिळत नसे आणि मजुरीशिवाय चूल पेटत नसे. तान्हें मूल शेजारच्या म्हातारीकडे ठेवावें, तें रडूं नये म्हणून अफूची बाळगोळी द्यावी, हा प्रकार चाळीचाळींतून चाले. या परिस्थितीकडे समाजाचें लक्ष हळूहळू वळूं लागलें होतें. इ. स. १९२८ च्या जुलै महिन्यांत मुंबईच्या कायदे कौन्सिलांत प्रसूतिसाहाय्याच्या बिलावर चर्चा झाली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्या बिलास पाठिंबा दिला. पुढील वर्षीं, म्हणजे १९२९ सालीं, गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेंत साहाय्य देणारा कायदा मुंबई इलाख्यांत संमत झाला.

परंतु रजा आणि चार पैसे मिळाले तरी एक शत्रु शिल्लक राहत होता. तो म्हणजे गर्भारपणांतील पांडुरोग. कित्येक स्त्रियांना शेवटच्या महिन्यांत धाप लागे, पायांवर सूज येई, जीभ व नखें पांढरींफटक पडत. रक्त तपासलें असतां तांबड्या पेशी अतिशय कमी आढळत, पण त्या नेहमींपेक्षां आकारानें मोठ्या असत. अशा स्त्रिया बाळंतपणांत किंवा लगेच नंतर दगावत. त्यांचीं मुलें पुष्कळदां अपुऱ्या दिवसांचीं जन्मत. ज्या स्त्रिया वांचत त्या कालांतरानें आपोआप सुधारत, आणि पुढच्या गर्भारपणांत तोच रोग पुनः डोकें वर काढी. साध्या लोहाच्या औषधानें गुण येत नसे.

मार्गारेट बाल्फोर या स्कॉटिश डॉक्टरबाईंनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेंत आपलें बहुतेक आयुष्य वेंचलें होतें. मातांचे मृत्यु कां होतात याची चौकशी मुंबईंत हाफकिन संस्थेंत चालू झाली, तेव्हां या पांडुरोगाचें मूळ शोधण्यासाठीं त्यांनीं इंग्लंडहून एका संशोधिकेस बोलावून घेतलें. तिचें नांव ल्यूसी विल्स.

ल्यूसी विल्स यांचा जन्म इ. स. १८८८ मध्यें बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथें झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचें अध्ययन केलें. १९११ सालीं त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण त्या काळीं केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे, त्यामुळें यश मिळालें तरी पदवी मिळाली नाहीं. पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां त्या दक्षिण आफ्रिकेंत होत्या. तेथें कांहीं काळ रुग्णशुश्रूषेचें काम केल्यावर त्यांनीं वैद्यक शिकण्याचा निश्चय केला, आणि लंडनच्या स्त्रियांसाठीं असलेल्या वैद्यकीय शाळेंतून १९२० सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्यापेक्षां प्रयोगशाळा त्यांना अधिक जवळची वाटली. रॉयल फ्री रुग्णालयाच्या रसायन-विकृतिशास्त्राच्या विभागांत त्या काम करीत असतां मुंबईचें हें बोलावणें आलें. १९२८ सालीं त्या मुंबईस दाखल झाल्या. त्यांच्या कामास लेडी टाटा स्मारक निधीचें साहाय्य मिळालें.

विल्सबाईंच्या कामाची पद्धत लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेंत शिरण्यापूर्वीं त्या मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, कशा राहतात, याची पाहणी करूं लागल्या. एम्. एम्. मेहता आणि एस्. एन्. तळपदे हीं नांवें त्यांच्या या काळांतील निबंधांवर सहलेखक म्हणून आढळतात. पाहणींतून एक गोष्ट उघड झाली. ज्यांच्या आहारांत दूध, फळें व भाजीपाला यांचें दुर्भिक्ष, त्यांच्यांत हा पांडुरोग अधिक. गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि रोगाचा घालाहि त्यांच्यावरच सर्वांत जास्त होता. दोष जातीचा नव्हता, धर्माचा नव्हता. तो दारिद्र्याचा होता, आणि बाहेर पडून आपल्या हातानें चार जिन्नस निवडून घेण्याची ज्यांना मोकळीक नव्हती अशा जिण्याचा होता.

तरीहि आहार हें रोगाचें कारण आहे असें म्हणणें निराळें आणि तें सिद्ध करणें निराळें. विल्सबाईंनीं या गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच आहार पांढऱ्या उंदरांना दिला. गाभण उंदरांना पांडुरोग झाला आणि पिलें होण्यापूर्वींच त्या मेल्या. त्याच आहारांत यीस्ट मिसळतांच रोग टळला. येथें शोध पुरा झाला असें वाटावें, तोंच एक विघ्न निघालें. उंदरांच्या अंगावरील उवांमुळें त्यांना एका निराळ्याच जंतूची बाधा झाली होती, आणि त्यांच्या पांडुरोगांत त्या बाधेचाहि हात होता. मग उंदीर बाजूस ठेवून माकडांवर प्रयोग सुरू झाले, कारण त्यांची शरीररचना माणसाला अधिक जवळची. या कामाचा कांहीं भाग कुन्नूर येथील पाश्चर संस्थेंत आणि कांहीं भाग मद्रासमधील रुग्णालयांत झाला.

त्या वेळच्या वैद्यकांत एक मोठा शोध ताजा होता. अमेरिकेंत मायनॉट आणि मर्फी यांनीं १९२६ सालीं दाखविलें होतें कीं, दुसऱ्या एका घातक पांडुरोगांत रोज भरपूर यकृत खाऊं घातलें तर रोगी वांचतो. मुंबईंतील स्त्रियांनाहि यकृताचा कच्चा अर्क उपयोगी पडे. परंतु तो अर्क अधिकाधिक शुद्ध करीत नेला कीं, अमेरिकेंतील रोग्यांना गुण येई आणि मुंबईच्या गर्भवतींना येत नसे. याचा अर्थ असा कीं, यकृतांत दोन निराळीं द्रव्यें होतीं. एक त्या घातक पांडुरोगावरचें. दुसरें गर्भवतीच्या पांडुरोगावरचें. शुद्धीकरणांत हें दुसरें द्रव्य गळून जात होतें. शिवाय यकृत महाग, आणि अनेक घरांत तें चालतहि नसे.

तेव्हां विल्सबाई यीस्टकडे वळल्या. इंग्लंडांत मद्याच्या भट्टींत उरलेल्या यीस्टपासून ‘मारमाइट’ नांवाचा काळसर, खारट अर्क तयार होतो व तेथें तो पावावर लावून खाण्याची रीत आहे. तो स्वस्त होता आणि शाकाहाऱ्यांनाहि चालण्यासारखा होता. पांडुरोगी माकडांना तो मानवला, आणि रुग्णालयांत ज्या स्त्रियांना तो दिला त्यांच्या रक्तांत थोड्याच दिवसांत नव्या पेशी दिसूं लागल्या. अन्नावरची वासना परत आली, धाप कमी झाली. १९३१ च्या जूनमध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें विल्सबाईंचा निबंध प्रसिद्ध झाला. द्रव्याचें नांव त्यांना माहीत नव्हतें. तें वेगळें काढतांहि आलें नव्हतें. पण तें आहे, आणि तें नसेल तर माता व बालक या दोघांच्याहि जिवाला धोका आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें कांहीं वर्षें शास्त्रज्ञ त्या अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ असेंच म्हणत.

या द्रव्याचा पुढील माग निराळ्याच ठिकाणीं लागला. १९४१ सालीं अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांत मिशेल, स्नेल व विल्यम्स या तिघांनीं सुमारें चार टन पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिन भाषेंत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याला फोलिक ॲसिड असें नांव मिळालें. १९४५ सालीं लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रें आंध्र प्रांतांतून अमेरिकेस गेलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हातांत होतीं. मुंबईच्या गर्भवतींना जें यीस्टमधून मिळालें, तें पालकाच्या पानांत होतें आणि आतां तें गोळीच्या रूपानें कोणालाहि देतां येणार होतें. मेथी, चाकवत, चवळीच्या शेंगा, हरभरे यांतहि तें असतें; फार वेळ शिजवल्यानें मात्र त्याचा बराच नाश होतो.

येथवरचा इतिहास मुख्यतः मातेचा आहे. बालकाचा इतिहास यापुढें सुरू होतो, आणि त्याला आरंभ झाला तो महायुद्धाच्या धामधुमींत.

१९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें नॉर्मन ग्रेग नांवाच्या नेत्रवैद्यांकडे जन्मतःच मोतिबिंदु असलेलीं तान्हीं मुलें एकामागून एक येऊं लागलीं. एका वर्षांत एवढीं मुलें कधीं आलीं नव्हतीं. ग्रेग यांनीं व त्यांच्या सहव्यवसायी मंडळींनीं मिळून ७८ मुलांची हकीकत जमविली. त्यांपैकीं बहुतेकांच्या मातांना गर्भारपणाच्या सुरुवातीस रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेला होता. आदल्या वर्षीं देशांत त्याची मोठी सांथ आली होती. मातेला जो आजार दोनचार दिवसांचा, त्यानें गर्भाचे डोळे आणि हृदय बिघडविलें होतें. वारेची तटबंदी अभेद्य नाहीं हें त्या दिवशीं कळलें. तरी जगानें तो धडा नीट गिरवला नाहीं. १९५७ नंतर थॅलिडोमाइड हें झोंपेचें औषध अनेक देशांत विकलें गेलें, गर्भवतींनीं तें मळमळीवर घेतलें, आणि १९६१ सालीं जर्मनींत लेंझ व ऑस्ट्रेलियांत मॅकब्राइड यांनीं धोक्याची घंटा वाजवीपर्यंत हातपाय खुरटलेलीं हजारों मुलें जन्मास आलीं होतीं.

रोग आणि विष यांची ही कथा झाली. उपासमारीचा पुरावा हॉलंडांत मिळाला. १९४४ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें पश्चिम हॉलंडची अन्नाची आवक अडविली. कालवे गोठले, आणि माणशीं मिळणारा शिधा हजार उष्मांकांच्याहि खालीं गेला. सुमारें वीस हजार माणसें मेलीं. १९४५ च्या मे महिन्यांत देश मुक्त झाला आणि अन्न पुनः मिळूं लागलें. दुष्काळाचा आरंभ आणि शेवट ठाऊक, शिधा ठाऊक, जन्मनोंदी शाबूत. असा हा दुःखद पण शास्त्राला अपूर्व असा दाखला होता. झीना स्टाइन व मर्व्हिन ससर यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें त्याचा अभ्यास केला. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्यांच्या माता उपाशी होत्या तीं बालकें वजनानें सुमारें ३०० ग्रॅम कमी भरलीं. मात्र लष्करभरतीस आलेल्या एकोणीस वर्षांच्या सुमारें सव्वा लाख तरुणांच्या बुद्धिमापनांत दुष्काळाचा ठसा आढळला नाहीं. या गोष्टीनें पुष्कळांना हायसें वाटलें. पण दुसरी बाजूहि होती. दुष्काळाच्या अगदीं ऐन भरांत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यांत मेंदू व कणा यांचीं जन्मजात व्यंगें अधिक आढळलीं, आणि मोठेपणीं स्किझोफ्रेनिया हा मानसिक रोगहि जवळजवळ दुप्पट प्रमाणांत आढळला. उपासमार केव्हां झाली यावर तिचा परिणाम अवलंबून होता. वजन घटतें तें शेवटच्या महिन्यांतील उपासानें. घडण बिघडते ती पहिल्या आठवड्यांतील उपासानें.

ही घडण म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें जरूर आहे. गर्भ अगदीं लहान असतांना त्याच्या पाठीवर एक पन्हळ पडते. तिचे कांठ वर उचलले जाऊन एकमेकांस मिळतात आणि एक बंद नळी होते. त्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो. गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी मिटावयास हवी. ती वरच्या टोंकास उघडी राहिली तर मेंदू बनत नाहीं व मूल जगत नाहीं. खालीं उघडी राहिली तर कणा दुभंगलेला राहतो आणि पाय लुळे पडतात. पेशी झपाट्यानें दुप्पट होत असतां त्यांना फोलिक ॲसिडाची निकड असते. अठ्ठाविसाव्या दिवशीं पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती आहों याची निश्चितीहि झालेली नसते.

या दोन गोष्टींची सांगड घालावयास फार वर्षें लागलीं. १९५० नंतर फोलिक ॲसिडास विरोध करणारें एक औषध गर्भारपणांत दिलें गेलें असतां व्यंग असलेले गर्भ आढळले, तेव्हां पहिला संशय आला. १९६५ सालीं एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनीं लिव्हरपूलमधील मातांचा अभ्यास करून अशीं मुलें आणि मातेच्या शरीरांतील फोलिक ॲसिडाची तूट यांचा संबंध असावा असें सुचविलें. स्मिथेल्स यांनीं पुढें ज्यांना असें एक मूल पूर्वीं झालें होतें अशा स्त्रियांना गर्भधारणेच्या आधींपासून जीवनसत्त्वें दिलीं. १९८० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेले आंकडे असे : गोळ्या घेणाऱ्या १७८ मातांपैकीं एकीस पुनः तसें मूल झालें, न घेणाऱ्या २६० पैकीं तेरा जणींस. परंतु कोणाला खरी गोळी व कोणाला खोटी हें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें, म्हणून टीकाकारांनीं हा पुरावा अपुरा ठरविला.

येथें एक अवघड नैतिक प्रश्न उभा राहिला. ज्या मातेनें एकदां तें दुःख सोसलें आहे, तिला शास्त्राच्या नांवाखालीं जीवनसत्त्वावांचून ठेवणें योग्य काय? आणि पुरावा पक्का नसतां सर्व मातांना तें द्या असें सांगणें तरी योग्य काय? दोन्ही बाजूंस सद्हेतु होते. अखेर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें निकोलस वॉल्ड यांच्या नेतृत्वाखालीं सात देशांतील ३३ केंद्रांत चिठ्ठ्या टाकून चांचणी घेतली. पूर्ण झालेल्या ११९५ गर्भारपणांपैकीं २७ मध्यें व्यंग आढळलें. त्यांतील ६ फोलिक ॲसिड घेणाऱ्या मातांचीं आणि २१ न घेणाऱ्या मातांचीं होतीं. फरक इतका ठळक होता कीं, १९९१ सालीं चांचणी मध्येंच थांबवून निर्णय जाहीर करणें भाग पडलें. विल्सबाईंच्या निबंधास तेव्हां साठ वर्षें झालीं होतीं. त्या स्वतः १९६४ सालींच निवर्तल्या होत्या. अमेरिकेंत १९९८ पासून धान्याच्या पिठांत फोलिक ॲसिड मिसळणें सक्तीचें झालें आणि अशा जन्मांचें प्रमाण तेथें लक्षणीय घटलें. ज्या ब्रिटननें ही चांचणी पार पाडली, त्यानें मात्र पिठासंबंधीं तसाच निर्णय जाहीर करावयास २०२१ साल उजाडूं दिलें.

व्यंग टळलें म्हणजे सर्व साधलें काय? या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांतील हर्टफर्डशायर परगण्याच्या जुन्या वह्यांत होतें. बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यभरतीस आलेले अनेक तरुण अशक्त निघाले, तेव्हां बालकांच्या संगोपनाची चिंता तेथें सुरू झाली. एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखालीं परिचारिका सायकलीवरून घरोघर जात आणि १९११ पासून प्रत्येक बालकाचें जन्माचें व वर्षाच्या अखेरचें वजन वहींत टिपीत. बाळ अंगावर पितें कीं बाटलीनें, हेंहि लिहीत. सत्तर वर्षांनंतर डेव्हिड बार्कर यांनीं त्या वह्या उघडल्या आणि १९११ ते १९३० या काळांत जन्मलेल्या साडेपांच हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढला. वर्षाच्या अखेरीस जीं बालकें सर्वांत हलकीं होतीं, त्यांच्यांत हृदयविकारानें आलेल्या मृत्यूंचें प्रमाण सर्वांत वजनदार बालकांच्या मानानें दुपटीहून अधिक भरलें. १९८९ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हां मोठा वाद माजला. कारण दारिद्र्य हें दोहोंचेंहि मूळ असूं शकतें, असा आक्षेप होता आणि तो रास्त होता. तरीहि प्रश्न टळला नाहीं, आणि त्याचा शोध पुनः महाराष्ट्रांत येऊन पोहोंचला.

पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास हातीं घेतला. शेतांत राबणाऱ्या स्त्रिया, अंगानें कृश. त्यांच्या बालकांचें जन्मवजन सरासरी २·७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३·५ किलो. पण ही तूट सर्वांगाला सारखी नव्हती. स्नायू व पोटांतील इंद्रियें फार लहान होतीं, आणि त्वचेखालची चरबी त्या मानानें शाबूत होती. दिसावयास किडकिडीत, पण आंतून चरबीचा वांटा अधिक, अशी ही भारतीय बालकाची ठेवण. मधुमेहाची बीजें येथेंच असावीं, असें डॉ. याज्ञिक यांचें प्रतिपादन आहे. आहाराचा हिशेब केला तेव्हां असें दिसलें कीं, एकूण उष्मांक किंवा प्रथिनें यांचा बालकाच्या आकाराशीं मेळ बसत नव्हता. मेळ बसत होता तो दूध, फळें आणि हिरव्या पालेभाज्या यांच्याशीं. मुंबईंत सत्तर वर्षांपूर्वीं ज्या जिनसांचें दुर्भिक्ष विल्सबाईंना दिसलें होतें, त्याच या जिनसा.

परंतु पुण्याच्या अभ्यासानें एक सावधगिरीची सूचनाहि दिली. या मातांपैकीं निम्म्याहून कितीतरी अधिक जणींना ब-१२ या जीवनसत्त्वाची तूट होती. हेंच तें यकृतांतील घातक पांडुरोगावरचें द्रव्य, जें १९४८ सालीं वेगळें काढण्यांत आलें. तें फक्त प्राणिज अन्नांत मिळतें, आणि शाकाहारी घरांत त्याचा मुख्य आधार दूधदुभतें हाच आहे. ज्या मातांच्या रक्तांत फोलिक ॲसिड भरपूर पण ब-१२ कमी होतें, त्यांच्या मुलांच्या शरीरावर सहाव्या वर्षीं इन्शुलिनचा परिणाम सर्वांत मंद आढळला. तात्पर्य, एकच द्रव्य ओतीत राहणें म्हणजे पोषण नव्हे.

शेवटचा दुवा पुनः मुंबईचाच आहे. २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांवर एक चांचणी झाली. लग्न झालेल्या पण अद्याप गर्भवती नसलेल्या स्त्रियांना रोज पालेभाजी, फळें व दूध यांचा एक खाऊ देण्यांत आला. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या साध्या जिनसांचा. २०१४ सालीं निकाल आला तो माफक होता. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर बालकांच्या वजनांत निश्चित फरक नव्हता. पण गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधींपासून ज्यांनीं हा खाऊ घेतला, त्यांचीं बालकें सरासरी ४८ ग्रॅमनीं वजनदार भरलीं. आणि ज्या माता अगदींच कृश होत्या त्यांच्यांत लाभ कमी दिसला. पिढ्यांची झीज दोनचार महिन्यांच्या खाऊनें भरून येत नाहीं, असाच याचा अर्थ.

भारतांत गर्भवतींना लोह व फोलिक ॲसिड देण्याची सरकारी योजना १९७० पासून आहे. तरीहि २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५२ गर्भवती पांडुरोगी आढळल्या. औषध ठाऊक आहे, तें स्वस्त आहे, आणि त्याचा शोध याच देशांतील गरीब स्त्रियांच्या रक्तांतून लागला आहे. उणीव आहे ती वेळेची. गर्भवतीची काळजी घरांत सुरू होते ती बहुधा बातमी कळल्यावर, आणि थाटामाटानें होते ती सातव्या महिन्यांत. नळी मिटून गेलेली असते ती चौथ्या आठवड्यांत. म्हणून ज्या घरांत सुनेचे डोहाळे कौतुकानें पुरविले जातात, त्या घरानें लग्नाआधींच्या मुलीच्या ताटाकडेहि पाहिलें पाहिजे. सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेली भाजी तिच्या वांट्यास येते, कीं भावाच्या बरोबरीनें दूध व पालेभाजी तिला मिळते, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. परंतु पुढच्या पिढीच्या हृदयाचें, मेंदूचें आणि कण्याचें बरेंचसें भवितव्य त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.